खड्ड्यातला माग

१४ ऑक्टोबर १९२७, मँचेस्टर

खोटं बोललो. कुणी खोदून विचारलंही नव्हतं. हॅरल्ड वर्गात माझ्या शेजारी बसतो, स्वभावाने चांगला आहे. जेवताना सहज म्हणाला, "तुझे वडील काय करतात?" मी म्हटलं, "बेळगावजवळ कापडाचा कारखाना आहे." कारखाना! शहापुरातल्या घरात पुढच्या खोलीत एक माग, खड्ड्यात पाय सोडून बसलेले आप्पा, आतल्या खोलीत सुताच्या कांड्या भरणारी आई — झाला कारखाना.

लगेच सावरून घेता आलं असतं. घेतलं नाही.

१६ ऑक्टोबर

हॅरल्डने चौघांना सांगितलं. आता मी कारखानदाराचा मुलगा. मुलं दार उघडून धरतात. मला ते आवडतंय — हेच वाईट.

२ नोव्हेंबर

आजचं लिहायला हात धजत नाही.

कॉलेजच्या संग्रहात आपल्याकडचा एक हातमाग आणून ठेवलाय. लाकडी जमिनीवर सपाट मांडलाय, खड्डाच नाही. विणकराने पाय सोडायचे कुठे? पायाने दाबायच्या पावड्या बिचाऱ्या फळ्यांवर आडव्या पडल्यात. प्रोफेसर ब्रॅडलींनी तो तसाच पाहिला आणि तर्क केला की हिंदी विणकर मांडी घालून बसतो आणि पावड्या हाताने ओढतो. बसून करूनही दाखवलं. आडव्या सुताचा धोटा टाकायचा, तो ठेवून पावडी ओढायची, पुन्हा धोटा शोधायचा. वर्ग हसला. मग मला विचारलं, "तुमच्याकडे असंच ना?"

"हो सर," मी म्हटलं. वर हसलोही. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

आप्पांचे पाय जन्मभर त्या खड्ड्यात. पावसाळ्यात खाली ओल सुटते, पोटऱ्या धरतात. संध्याकाळी वर यायला माझा खांदा लागायचा. आता कुणाचा धरतात, कोण जाणे.

९ नोव्हेंबर

करावं तसं भरावं. हॅरल्डचा थोरला भाऊ फौजेत सार्जंट आहे, आणि नेमका बेळगावच्या कॅम्पात! हॅरल्डने त्याला पत्र टाकलंसुद्धा — माझ्या मित्राच्या वडिलांना भेट, कारखाना बघून ये. कॅम्पातून शहापूर ते काय, टांग्याने अर्धा तास.

मग मीही घरी लिहिलं. "एक साहेब येईल. तोवर पुढच्या खोलीतला माग काढावा. आपण विणकर आहोत हे त्याच्यापुढे बोलू नये. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

आप्पांना वाचता येत नाही. मारुतीराव मास्तर वाचून दाखवतील. मला शिकवलं त्यांनीच, शिष्यवृत्तीचा अर्जही त्यांनीच भरला. त्यांच्या तोंडून आप्पा हे ऐकणार. हे सगळं ठाऊक असून पत्र पेटीत टाकलं.

१० नोव्हेंबर

 आरशात पाहून भांग पाडायचीही शिसारी आली.

१ डिसेंबर

प्रोफेसरांचं पुस्तक छापायला गेलंय. त्यांनी कौतुकाने कच्चे कागद दाखवले. पावड्या हाताने ओढण्याची हकीकत, आणि तिच्याखाली: "बेळगावच्या एका कारखानदाराच्या चिरंजीवांनी यास दुजोरा दिला आहे." पुढे माझं नाव. कागद पाच तारखेला छापखान्यात परत जाणार. वर्गातलं हसू विरून जातं, छापलेलं राहतं. उद्या कुणीही ते वाचेल आणि आप्पांना हसेल — माझ्या नावावर.

३ डिसेंबर

त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. दोनदा.

५ डिसेंबर

सांगितलं.

"सर, ते चूक आहे. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. पावड्या पायाने दाबतो."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझे वडील विणकर आहेत. मी स्वतः आठ वर्षं विणलंय."

त्यांनी लगेच दोन भक्कम टेबलं आणवली, मधे फट ठेवून माग त्यांवर चढवला. फटीत पाय सोडून बसलो. ताण्याचं उभं सूत जुनं, कुजकं, दहा ठिकाणी तुटलं. पीळ देऊन सांधत गेलो. चार बोटं विणलं. पाय आपोआप चालले.

प्रोफेसरांनी पेन्सिल काढून ती ओळ खोडली. म्हणाले, "महिन्यापूर्वी सांगितलं असतंत, तर मी वर्गापुढे माकडचेष्टा केल्या नसत्या." त्यांनाही लाज वाटली, आणि तीही माझ्यापायी.

हॅरल्ड दारात उभा होता. तो म्हणाला, "माझी आई वीस वर्षं मिलमध्ये मागावर उभी होती. तू कधी विचारलंच नाहीस." खरंच नव्हतं विचारलं.

लगेच घरी दुसरं पत्र टाकलं. माग काढू नका. मी गाढव आहे. साहेब आला तर त्याला विणून दाखवा. बोटीच्या टपालाला तीन आठवडे लागतात, म्हणून तार करावी असंही मनात आलं. पण आमच्या गल्लीत तार आली की आधी रडारड, मग वाचणं. आईचा जीवच जाईल. नाही केली.

२० डिसेंबर

अजून पहिल्या पत्राचं उत्तर नाही. पण उगाच हलकं वाटतंय. आप्पा हट्टी आहेत. मास्तरांनी वाचलं तरी "खुळं हाय पोरगं" म्हणून सोडून देतील. आजोबांच्या हातचा माग, ते काही हलवायचे नाहीत. मी ओळखतो ना त्यांना.

२ जानेवारी १९२८

मास्तरांच्या अक्षरात आप्पांचं पत्र. तारीख १३ डिसेंबर. माझं दुसरं पत्र तेव्हा वाटेतच होतं.

"परशराम, तुझं पत्र पोचलं. माग सुटा करून शेजारच्या केदारीच्यात नेऊन ठेवला. खड्डा बुजवला, वरनं सारवून घेतलं. खोली आता लई मोठी दिसतीया. काल साहेब आलता, कॅम्पातला दुभाषी संगं हुता. भला माणूस हाय. कारखान्याचं नुसतं इचारलं, खरं त्याला हातमागच बघायचा हुता. चांगला हात ह्याच घरात हाय, असं गल्लीत कुणी सांगितलंतं म्हणं. म्यां म्हटलं, व्हय, हुता एक विणकर हितं ऱ्हायला. गेला."