दारावरची यादी

ती. बाबा,

परवा यादी वर्गाच्या दारावर चिकटवत होतो, तेवढ्यात मागून एका विद्यार्थिनीचा आवाज आला, "सर, शेवटचं नाव माझंच ना?"

कंपनीत आम्ही दर तीन महिन्यांनी माणसांची क्रमवारी लावायचो. तळातल्या तिघांना ताकीद. विद्यापीठात शिकवायला लागल्यावर मी वर्गालाही तेच लावलं. वेळेवर येण्याला गुण, वर्गात बोलण्याला गुण.

ती परिचारिका आहे. रुग्णालयातली पाळी संपवून धावत येते, मागे गप्प बसून सगळं लिहून घेते.

"म्हणजे काढलं मला?"

"छे हो, नुसती क्रमवारी आहे."

"आमच्याकडे यादी लागली की काढतातच, सर." ती हसली, विद्यापीठाचं ओळखपत्र माझ्या हातात ठेवून निघून गेली. मी हाकसुद्धा मारली नाही.

बाकी मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं काही वाचून दाखवू नका.

तुम्ही शाळेत मुलांना तपासलेले पेपर घडी घालून द्यायचात, गुण आतल्या बाजूला. मला तो तुमचा भित्रेपणा वाटायचा.

तुमचा,
धाकटा

ता. क. आज सकाळी यादी काढली. सगळ्यांना शेऱ्यांचे कागद घडी घालून हातात दिले. तिचा माझ्या खिशात आहे, ओळखपत्राबरोबर.