बेण्याच्या खड्ड्यातली माती

उस्मानपुरा, औरंगाबाद
२३ जानेवारी १९९४, रविवार

प्रिय मनकर्णा,

तुझं कार्ड येऊन पंधरा वर्षं झाली. नागपूरहून आलेलं, आठ ओळींचं. शाळेत नोकरी लागली, खोली मिळाली, नळाचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही. आणि शेवटी, ‘माझ्या नळ्या कशा आहेत?’ मी उत्तर दिलं नाही. कार्ड हरवलं म्हणून नाही. ते माझ्या १९७९च्या डायरीत अजून आहे. क्षमा मागायला हवी, ती मागते. पण इतक्या उशिरा मागितलेली क्षमा बहुतेक मागणाऱ्याच्याच सोयीची असते, हेही कळतं. म्हणून आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या त्या काचेच्या नळ्यांमधली तुझी हिरवी बुरशी जिवंत आहे. फक्त तिच्यावर तुझं नाव नाही. ते कसं झालं, ते सांगायला बसले आहे.

दर दोन महिन्यांनी मी तिला नव्या नळीत हलवत आले, तू शिकवलेल्या पद्धतीनंच. तार लाल होईपर्यंत तापवायची, मनात वीस मोजायचे, मग नळीला लावायची. अजूनही वीसच मोजते. ग्लुकोजची बाटली संपली होती तो आठवडा तुला आठवतो? नवी मागायची तर सरांच्या सहीसाठी तीन दिवस थांबायचं. तू खोलीवर जाऊन ज्वारीच्या कण्या आणल्यास, वाफवल्यास, त्यात साखर कारखान्याची चमचाभर मळी घातलीस. सगळे हसले. मी म्हणाले होते, ‘मनू, आता हिला पिठलं-भाकरीही वाढ.’ तू म्हणालीस, ‘वाढीन की. तुझ्यासारखी खाऊन नावं तर ठेवत नाही.’ आठव्या दिवशी त्या कण्या तळहाताएवढ्या बाटलीत पोपटी झाल्या, आणि मग कुणी हसलं नाही.

आज वाळूजला एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही रोज दोन क्विंटल कण्या वाफवतो. मालक नानासाहेब, पूर्वी कीटकनाशकांचे विक्रेते होते. माणूस वाईट नाही. शेजारच्या कारखान्यात स्कूटरचे भाग बनतात, तिथं दिवसभर धडधडाट, आणि आमच्याकडे आंबूस वास. कण्यांवर बुरशी माजली की ती सावलीत सुकवायची, शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळायची, पाकिटात भरायची. शेतकरी ती शेणखतातून आल्याच्या वाफ्यात टाकतो, आणि कंद सडवणाऱ्या बुरशीला आपली बुरशी खाऊन टाकते. पहिल्यांदा पाकिटं घेऊन कन्नडच्या बाजाराला गेले तेव्हा त्रिंबक नावाच्या बागायतदारानं चारचौघांत विचारलं, ‘बाई, बुरशी घालवायला बुरशी? आन् ती बी पैशे देऊन? घरच्या लोणच्यावर आलीय ती फुकट न्या की!’ तरी त्यानं एक पाकीट नेलं, बेण्याला चोळलं, आणि खात्री असावी म्हणून वरून दुकानातलं बुरशीनाशकही चोळलं. ‘एक औषीद चांगलं, तर दोन लई चांगलं.’ अर्थातच आपली बुरशी मेली. दुसऱ्या वर्षी मी त्याच्या बांधावर दिवसभर बसून राहिले, दुसरी पुडी सोडू दिली नाही. त्या वर्षी त्याचं आलं टिकलं आणि तो पिशवीभर घेऊन उस्मानपुऱ्यात माझ्या दारात उभा राहिला. ते आलं घेताना मला तुझी आठवण झाली होती. डायरीत तसं लिहिलंय. लिहिण्यापलीकडे मी काही केलं नाही.

आता ऑगस्ट १९७८. नामांतराचा ठराव झाला आणि आठवड्याभरात गावोगावच्या वस्त्या जळू लागल्या. तुमचं घर गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. एसटी बंद होत्या हे खरं. एसटी सुरू झाल्यावरही मी आले नाही, हेही खरं. मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही आणि त्याला तटस्थपणा म्हणाले. तू परत येणार नाहीस असं ठरल्यावर कॉलेजच्या प्रयोगशाळेत जागा मोकळी करायचं बोलणं निघालं. तुझ्या नळ्या फेकणार म्हणून मी स्पिरिटच्या बोळ्यानं तुझ्या चिठ्ठ्या पुसल्या. तुझ्या अक्षरात होतं, ‘म-७, आईचा बेण्याचा खड्डा’. लागवडीचं आलं तुझी आई ज्या खड्ड्यात पुरून ठेवायची, तिथल्याच मातीतून तू ही काढली होतीस. चिठ्ठीवर मी माझ्या नावाचं ‘सा-७’ लिहिलं. नळ्या वाचवण्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्यात थोडं खरंही होतं. पण त्या तारखेच्या पानावर एकच ओळ आहे: ‘नळ्या नीट लावल्या.’ रोज पानभर लिहिणारी बाई त्या दिवशी एका ओळीत का थांबली, हे तुला सांगायला नको. तुझं कार्ड आलं तेव्हा चिठ्ठ्या बदलून काही महिने झाले होते. पुढं माझ्या प्रबंधात ती ‘सा-७’ म्हणूनच गेली, कण्यांच्या पद्धतीसकट. तुझं नाव आभाराच्या पानावर होतं, टायपिस्टच्या वर.

हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या सप्टेंबरात त्रिंबक पुन्हा आला. वाफ्यातलं आलं पिवळं पडलेलं, कंद हातात घेतला की पाणी सुटायचं. म्हणाला, ‘बाई, तुमची बुरशी पेन्शनीत गेली व्हय?’ मी हसण्यावारी नेलं आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या बशीत दोघींना समोरासमोर लावलं, एका कडेला सडवणारी, दुसऱ्या कडेला आपली. पूर्वी आपली पाच दिवसांत तिच्यावर चढून जायची. या वेळी मध्यावर येऊन थांबली. सोळा वर्षं नळीतल्या आयत्या जेवणावर राहिली, लढायचंच विसरली. उपाय तुलाही माहीत आहे: मूळ जागेची ताजी माती आणून तिला नव्यानं वेगळं काढायचं. मी तीन महिन्यांत साठ ठिकाणची माती आणली. घाटावरची, घाटाखालची, नदीकाठची. तुमच्या गावची सोडून सगळीकडची. एकीतही तशी बुरशी निघाली नाही. नानासाहेब विचारायचे, ‘बाई, अजून किती उकिरडे हुंगायचे?’ कुठला राहिलाय, ते मी सांगत नव्हते.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव लागलं. गेटपाशी इतकी गर्दी होती की रिक्षा अलीकडेच सोडावी लागली. एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या हातावर पेढा ठेवला, कुणाची कोण विचारलं नाही. तो माझ्यानं खाववला नाही. तीन दिवसांनी मी तुमच्या गावाला जायला कन्नडची गाडी धरली.

तुझ्या आई, कडूबाई मावशी, वावरात आलं काढत होत्या. थकल्या आहेत, पण कुदळ स्वतःच मारतात. ‘मावशी, मी सारजा, मनकर्णाची,’ एवढंच म्हणाले. ‘वळखलं की. मुंजाबा धनगराची पोर. एक उन्हाळा तुझ्या बापाच्या मेंढ्या बसल्या व्हत्या ह्या वावरात. हात रिकामे हायेत तर बस, माती झटक.’ मी माती झटकत बसले, आणि खोटं कशाला सांगू, तेवढ्यात माझ्या मनानं वकिली सुरू केली: लेंड्या आमच्या, म्हणजे त्या मातीत थोडा वाटा आमचाही. स्वतःचीच लाज वाटली. मग मी पिशवीतून पाकीट काढलं आणि सांगितलं, की मनकर्णानं नेलेली बुरशी यात आहे, आता ती अशक्त झालीय, पुन्हा माती हवी. मावशींनी पाकीट उलटंसुलटं केलं. ‘वाच बरं, काय लिव्हलंय.’ मी वाचलं. शेणखतात किती मिसळावी, उन्हात ठेवू नये, रासायनिक औषधाबरोबर वापरू नये. तळाला एक ओळ आहे, ‘संशोधक: डॉ. सारजा देवकते’. तिथं येऊन मी म्हणाले, ‘झालं.’

मनू, त्यांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं, लांब धरलं, आणि मातीनं भरलेलं बोट त्या ओळीखाली ठेवलं. वर्षभर त्या साक्षरतेच्या वर्गाला जातायत, समाजमंदिरात, जेवणं झाल्यावर. ‘सं-शो-धक. डाक्टर सा-र-जा.’ मग माझ्याकडे पाहिलं. ‘एक वळ राह्यली तुझी.’ मी मान खाली घातली. ‘आमच्या मनीचं नाव कुठं हाय?’ ‘नाहीये, मावशी.’ रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, हात झटकले, म्हणाल्या, ‘चल, खड्डा दावते. तीस सालात जागा बदलली नाय. जागा बदलली की बेणं रुसतं.’ खड्ड्याच्या तळाची माती त्यांनी स्वतः उकरून माझ्या डब्यात भरली. मला राहवलं नाही. ‘मावशी, तरी तुम्ही देताय?’ ‘नाय दिली तर कुणाचं सडंल? तुझ्या मालकाचं? गावच्याच मान्सांचं सडंल. मातीचं मी बघितलं. नावाचं तू बघ.’ निघताना तुझा पत्ता त्यांनी स्वतः लिहून दिला. अक्षरं थोरली आहेत, ‘नागपूर’मधला ‘पू’ दोनदा खोडून पुन्हा काढलाय.

काल त्या मातीच्या बशीत हिरवे ठिपके दिसले. तीच आहे, असं वाटतं. लढते का ते पाहायला आठवडा लागेल. ती अशक्त झाली नसती तर मी तुझ्या आईकडे गेले असते का, हे मी सहा दिवस स्वतःला विचारतेय. नसते गेले. हे लिहिल्याशिवाय बाकीच्या पत्राला अर्थ नाही.

आणि हे पत्र आजच का, तेही सांगते. कण्यांवर बुरशी वाढवून सुकवण्याच्या पद्धतीचं पेटंट घ्यायचं नानासाहेबांनी ठरवलंय. वकिलानं अर्ज टाईप केलाय, उद्या संध्याकाळी तो मुंबईला जाणार. त्यात एक वाक्य आहे, की मीच या पद्धतीची खरी आणि पहिली संशोधक आहे. सुकवण्याचं माझं आहे, ते मी सोडणार नाही. वाढवण्याचं तुझं आहे. तुझं नाव आधी आणि माझं नंतर असा अर्ज हवा, असं मी शुक्रवारी सांगितलं. नानासाहेबांनी चहा मागवला आणि समजूत घातली, ‘सोळा वर्षांपूर्वीची मैत्रीण आता कुठं शोधता? एखादी चांगली साडी पाठवा.’ चहा संपल्यावर म्हणाले, सही नसेल तर एक तारखेपासून प्रयोगशाळा दुसरं कुणीतरी बघेल. बघू दे. तुझं नाव अर्जात कसं लिहायचं ते कळव, माहेरचं की आताचं. की माझ्या नावाशेजारी तुला यायचंच नाही, तेही कळव. या पाकिटात माझ्या त्या डायरीच्या पानाची, प्रबंधातल्या कण्यांच्या प्रकरणाची आणि वकिलाच्या पत्त्याची नक्कल आहे. माझ्याविरुद्ध लढावंसं वाटलं तर एवढा पुरावा पुरेल. तुझं उत्तर येईपर्यंत माझी सही कुठंच नसेल, आणि उत्तर आलंच नाही, तरीही त्या वाक्याखाली नसेल.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
सारजा

(त्याच रात्री, डायरीत) उद्या: सही न केलेला अर्ज नानासाहेबांच्या हातात परत देणे.