पेटीवर ठेवायची साखर

प्रिय प्रबुद्ध,

आईंना मऊ भात तरी जातोय का? वॉकर धरून चालतात की अजून तुझ्याच खांद्यावर भार? फोनवर मी रोज हेच विचारते. मग तू तुझ्या मधमाश्यांची चौकशी सुरू करतोस आणि मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवते. इतक्या शिट्ट्या आपल्या कुकरने जन्मात दिल्या नसतील.

मला मधमाश्यांची भीती वाटते हे तुला माहीत आहे. त्यावरून तुमच्या मधमाश्या पाळणाऱ्यांच्या क्लबमध्ये सगळ्यांना हसवतोससुद्धा. पण का आणि किती, ते माहीत नाही. ऑगस्टमध्ये तू क्लबच्या स्टॉलवर मध विकायला गेला होतास, त्या शनिवारी सकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. बाहीत माशी होती. मनगटाला चावली आणि पाच मिनिटांत ओठ सुजले, घसा आवळला, श्वास आत जाईना. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ९९९ला फोन लावला तर आपला पोस्टकोड आठवेना. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नवऱ्याचा माश्या हाताळतानाचा तो पांढरा सूट घरी कोण धुतं. त्यावर राहिलेल्या माश्यांच्या विषातूनही म्हणे ही अ‍ॅलर्जी होऊ शकते. पुढच्या वेळी याहून वाईट होईल असं सांगून त्यांनी माशी चावली की लगेच टोचून घ्यायची दोन इंजेक्शनची पेनं हातात दिली. तू परतलास तेव्हा मी भेंडी चिरत होते.

सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी मधमाश्यांची पेटी कुणाला तरी देऊन टाकली असतीस. म्हणूनच नाही सांगितलं. तुझी नोकरी गेली त्यानंतरचे आठ महिने मी विसरलेले नाही. तू भिंतीकडे तोंड करून पडून असायचास. ऑफिसातून परतताना एकेक राउंडअबाउट मागे पडायचा आणि घर जवळ येईल तसं मनात यायचं, आज दार उघडल्यावर काय बघावं लागेल. मग ती पेटी आली आणि एका सकाळी तू माझ्याआधी उठून पायजम्यावर गार्डनमध्ये उभा होतास. ती मी घालवणार होते का? हातमोजे घालून तुझा सूट धूत राहिले आणि तू मला नाजूक राणी म्हणत राहिलास.

नागपूरला निघताना तू पेटीची एक कड उचलून बघितलीस. हलकी लागली. आतला मध संपत आलाय, रविवारी साखरेची लादी वर ठेव, थंडीत त्या एकमेकींना बिलगून असतात, काही करत नाहीत, असं म्हणालास. मी हो म्हटलं. रविवारी सूट चढवला, पेन खिशात टाकलं, झाकण बोटभर उचललं. एक माशी वर आली आणि माझ्या तोंडासमोरच्या जाळीवर चालायला लागली. मी झाकण टाकून पळाले. तुला मात्र लादी ठेवली म्हणून सांगितलं. तू इतका खूश झालास की पुढे खरं बोलायची हिंमतच गेली. क्लबच्या कीथना बोलावता आलं असतं, पण मग मला का जमत नाही ते सांगावं लागलं असतं. उद्या नक्की, उद्या नक्की करत तीन आठवडे गेले.

काल पेटीला कान लावला. टकटक केली. काहीच आवाज नाही. मग मी झाकण काढलं, पोळ्याची एक चौकट उचलून बघितली. सगळ्या तिथेच होत्या. कितीतरी जणींची डोकी रिकाम्या कप्प्यांत खुपसलेली, फक्त शेपट्या बाहेर. उपाशी मेल्या रे त्या, आणि मी मारल्या. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, तेही लपवत नाही. तू शुक्रवारी आल्यावर समोर बसून सांगणार होते. पण इथे कळलं तर तू पुन्हा पांघरूण डोक्यावरून घेशील आणि या वेळी तुला कसं उठवायचं ते मला माहीत नाही. म्हणून आजच मेल करते आहे. तिथे रोज सकाळी आईंना उठवून बसवायला तुलाच आधी उठावं लागतं. तिकीट पुढे ढकल. चार दिवस तिथेच राहा.

तुझीच,
निवेदिता