मंगळावरची खिडकी

रविवार, २ सप्टेंबर १९५६

मुलुंडच्या बुद्धिवादी बंधूंनो आणि भगिनींनो! आपल्याला जन्मापासून मान खाली घालायला शिकवलं गेलं. वडीलधाऱ्यांपुढे खाली, साहेबापुढे खाली, आणि वर्षातून एकदा, गणेश चतुर्थीला, चंद्रापुढेसुद्धा खाली! का? तर चंद्र पाहिला की खोटा आळ येतो! आपल्याच डोक्यावरच्या आकाशाला आपण किती दिवस भिणार?

(रोजनिशीची सुरुवात अशी करत नाहीत. पण वही उघडली आणि समोर श्रोते दिसायला लागले. असू दे.)

मुद्दा असा की दुर्बीण आली. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव होता, त्यात मिळाली. पितळी, तीन पायांची. नळीत तोंड घातलं की कापराचा वास येतो. सोबत एक पुस्तिका आहे, ती जर्मन. वाचली नाही. विवेकाला पुस्तिका लागत नाही.

संकल्प : चतुर्थीच्या संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगला गच्चीवर नेऊन चंद्र दाखवणार. शिवाय यंदा मंगळ पृथ्वीच्या फार जवळ येतोय, तोही दाखवणार.

आमच्या बुद्धिवादी मंडळाचं (अध्यक्ष मी) हे वर्ष सोन्याचं. गच्चीवरून पूर्वेला मैदान आहे, त्यापलीकडे जयंतीशेठचा जुना बंगला. वीज नाही, मागे विहीर. विहिरीत कधीकाळी एक बाई गेली, ती फिरते म्हणतात, म्हणून भाडेकरू टिकत नसे. जूनमध्ये मंडळाने (म्हणजे मी) तिथे सुलक्षणाबाईंना राहायला नेलं. त्या शाळेत शिकवतात. बरोबर म्हातारी आई. आधीच्या मालकाने दोघींना खोलीबाहेर काढलं होतं. जयंतीशेठ म्हणाला, दिवाळीपर्यंत भुताची बोलवा उठली नाही तर भाडेपावती बाईंच्या नावावर. उठली तर घर रिकामं करायचं, बंगला पाडून तिथे गोदाम. बाई जरा बिचकल्या होत्या. मी चारचौघांत सांगितलं, ‘‘तिथे भूत निघालं तर मी मिशी काढीन!’’ टाळ्या पडल्या.

मंगळवार, ४ सप्टेंबर

ढग. ढग फाटले तेव्हा एक तारा धरला. दुर्बिणीतून तेवढाच दिसतो, फक्त जास्त थरथरतो. दोष दुर्बिणीचा नाही. ताऱ्याचा असावा.

कुंदा धुणं काढायला वर आली. म्हणाली, ‘‘अहो, दुर्बिणीचा एक पाय माझ्या पातळावर आहे.’’ विज्ञानाच्या वाटेत हे असं पातळ कायमचं आडवं येतं.

गुरुवार, ६ सप्टेंबर

आज मंगळ पाहिला! दिवेलागणीनंतर पूर्वेला, अगदी खाली, झाडांच्या रेषेत. तांबूस, गरगरीत, स्थिर. आणि त्यावर उभ्या काळ्या रेषा! कालवे! परदेशात या कालव्यांवर विद्वानांची डोकी फुटली. मला पहिल्याच आठवड्यात दिसले. रेषा इतक्या सरळ आणि सारख्या अंतरावर, जणू सुताराने ओळंबा लावून काढल्या आहेत. तिथे बुद्धिमान जीव राहतात याबद्दल आता मला शंका नाही.

कुंदाला सांगितलं. तिने विचारलं, ‘‘कडीकोयंडासुद्धा दिसला का?’’

शनिवार, ८ सप्टेंबर. चतुर्थी.

बिल्डिंगमधून कोणी आलं नाही. सगळ्यांच्या घरी गणपती, सगळ्यांच्या माना खाली. फक्त तळमजल्यावरचा लवू आला. पूर्वी गिरणीत होता, आता विड्यांची टपरी चालवतो. आला आणि डोळे मिटून उभा राहिला. म्हणाला, ‘‘अध्यक्षानू, तुमचो मान म्हणान इलंय. पन डोळे काय उघडूचंय नाय. माझ्या घराक गणपती असा.’’

मी एकट्याने पाहिला. खुशाल पाहिला. लखलखीत कोर! मात्र एक गोष्ट खटकली. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात चंद्राची टोकं ज्या बाजूला आहेत, त्याच्या बरोबर उलट बाजूला मला दिसली. पुस्तकात चित्र उलटं छापलंय! शिक्षण खात्याला कडक पत्र लिहिणार. एका पिढीला उलटा चंद्र शिकवला, बंधूंनो!

जाताना लवू म्हणाला, ‘‘आळ येतलो हां तुमच्यार. मी सांगून ठेवतंय.’’

मंगळवार, ११ सप्टेंबर

मंडपात व्याख्यान. विषय : ‘मंगळावरील संस्कृती आणि आपली अधोगती’. एप्रिलपासून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत घसा बसला होता, तो आज सुटला. कालवे जाहीर केले. पुढल्या आठवड्यात गच्चीवर प्रत्यक्ष दाखवायचं वचन दिलं. सुलक्षणाबाई पहिल्या रांगेत होत्या. टाळ्या वाजवताना त्यांच्या हातांवरचा खडू उडत होता.

बुधवार, १२ सप्टेंबर

मंगळ विझला.

जेवणापूर्वी मी त्याच्यावर डोळा लावून बसलो होतो आणि तो विझला. कुणी फुंकर घालावी तसा. मी ओरडलो. कुंदा वर आली. मी सांगितलं, मंगळावर काहीतरी भयंकर घडलंय. ती बोटाने आकाशात वर दाखवत म्हणाली, ‘‘मग तो लालबुंद कोण?’’

मान वर केली. मंगळ वर होता. चांगला वर.

मग मी इतके दिवस पाहत होतो ते काय? दुर्बीण जिथल्या तिथे ठेवली, नळीवरून नजर लावली. मैदानापलीकडचा बंगला. कालवे म्हणजे खिडकीचे गज.

ठीक आहे. संशोधनात असं होतं. मंडपातल्या लोकांना कळवायची घाई नाही.

एवढ्यात तिथे पुन्हा दिवा लागला. आता फोकस नीट केला. कंदील. काचेच्या आत ज्योत. ती खाली जळत होती.

खाली. जमिनीकडे.

गुरुवार, १३ सप्टेंबर

आज परत पाहिलं. पाहायला नको होतं.

खोलीत एक बाई आहे. पाय वर, छताला टेकलेले, डोकं खाली. तशीच चालते. पडत नाही. केस मोकळे सोडले तेव्हा ते खाली लोंबले नाहीत. वर गेले, पायांकडे. ती शांतपणे विंचरत होती.

मला भीती वाटली नाही. अंगावर काटा आला तो हवेतल्या दमटपणामुळे.

कुंदाला म्हटलं, एकदा डोळा लावून बघ. ती म्हणाली, ‘‘परक्याच्या घरात काय बघायचं?’’ बायकांना शास्त्रीय जिज्ञासा नाही.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

ऑफिसला जाताना मुद्दाम बंगल्यावरून गेलो. सुलक्षणाबाई फाटकाशी होत्या. पाय जमिनीवर. मी नीट पाहिले, पावलं पुढेच होती. म्हणाल्या, ‘‘भाऊ, घर झकास आहे हो. आधीच्या खोलीत आईला पाय पसरायला जागा नव्हती. इथे आल्यापासून ती रात्रभर झोपते. एकदा पावती हातात पडली की सुटले मी.’’

मी सहज विचारलं, संध्याकाळी काय करता? ‘‘काय करणार? मी वह्या तपासते, आई माळ ओढते.’’

म्हणजे या दोघी खाली बसलेल्या असतात आणि छताला ती लटकत असते! पण दुर्बिणीत तर छतावरचीच दिसते. खाली बसलेल्या या दोघी दिसतच नाहीत. याचा अर्थ काय, हे लिहायला हात धजत नाही.

शनिवार, १५ सप्टेंबर

आज दोन. एक छताला टेकून बसलेली म्हातारी, हातात माळ. दुसरीने तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं. पाणी वर गेलं. म्हातारी ते प्यायली.

घरी आलो. दिवा ठेवूनच आडवा झालो. लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र म्हटलं. भक्तीने नव्हे, उच्चार तपासायला. बरेच वेळा तपासले. कुंदा कुशीवर वळून म्हणाली, ‘‘उच्चार चांगले आहेत हो. आता झोपा.’’

रविवार, १६ सप्टेंबर

कोणाशी तरी बोलणं भाग होतं. लवूला टपरीवर गाठलं. सांगितलं, हे केवळ निरीक्षण आहे, मत नाही, आणि कोणाला सांगायचं नाही. त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली. मग विचारलं, ‘‘बायलमाणूस उलटा लटाकता आणि पानी पिता? ह्या काय माका बरा दिसना नाय, अध्यक्षानू.’’

सोमवार, १७ सप्टेंबर

बंधूंनो, चंद्र बघायला एक माणूस आला होता, तोही डोळे मिटून. आज भूत बघायला रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेली! म्हातारे, बायका, कडेवरची पोरं. एकेक जण डोळा लावी, किंचाळे, पुन्हा रांगेत उभा राही. मी शेजारी उभा राहून माहिती देत होतो. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी सभा. एक क्षण फार बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

मग जयंतीशेठ आला. त्याने पाहिलं. खूप वेळ पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, ‘‘साहेब, तुम्हीच बोलला होता ने, भूतबित कई नथी?’’

मी म्हणालो, ‘‘अजून संशोधन चालू आहे.’’

तो म्हणाला, ‘‘तुमचा संशोधन चालू राहू दे. बाईला सांगून टाका, पितृपक्ष बसायच्या आधी खाली करायचा. पावती नाय मिळणार.’’

बुधवार, १९ सप्टेंबर

संध्याकाळी सुलक्षणाबाई गच्चीवर आल्या. बोटांना खडू तसाच. थेट दुर्बिणीशी बसल्या. बराच वेळ डोळा काढला नाही. मी धीर द्यायला पुढे सरसावलो. म्हटलं, मन खंबीर ठेवा, विज्ञान आपल्या पाठीशी आहे.

त्या म्हणाल्या, ‘‘ती माझी आई आहे.’’

मी मैदानापलीकडे बघायला लागलो.

‘‘तो कंदील आमचा. माळ तिची. मघाशी वाटीत भात कालवून ठेवून आले, तो खातेय.’’ मग त्यांनी दुर्बीण उचलली, खाली रस्त्याकडे वळवली, फोकस केला, आणि मला म्हणाल्या, ‘‘बघा.’’

पाहिलं. लवू टपरीवर उलटा लटकत होता. धोतर वर, टोपी खाली. विडीचा धूर जमिनीकडे चालला होता. मी गच्चीवरून हाक मारली. त्याने हात केला. दुर्बिणीत तोही उलटाच केला.

‘‘आकाश बघायच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, भाऊ. आमच्या शाळेच्या कपाटात आहे एक, सातवीच्या पोरींनाही ठाऊक आहे. मला विचारायचं तरी होतंत.’’ जिन्यापाशी त्या थांबल्या. ‘‘आणि इतके दिवस रोज संध्याकाळी तुम्ही आमच्या खिडकीत बघत होता? मी केस विंचरताना?’’

कुंदा धुणं हातात घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

चतुर्थीचा चंद्र पाहिला तर खोटा आळ येतो म्हणतात. साफ थोतांड! माझ्यावर आलेला आळ खरा होता.

शनिवार, २२ सप्टेंबर

जयंतीशेठला सगळं समजावलं. भिंग, किरण, उलटी प्रतिमा. पाटीवर आकृती काढली. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, ‘‘मला समजला, साहेब. पण गल्लीला समजला काय? ज्यांनी भूत बघितला त्यांच्यातली दहा माणसं दिवाळीपर्यंत येऊन बोलू देत, भूत नाय. मग चावी बाईची, पावती बाईची.’’

दहा! मी सतराशे लोकांपुढे बोललोय.

सोमवार, २४ सप्टेंबर

सुलक्षणाबाई पितृपक्ष बसायच्या आधीच गेल्या, आज कळलं. घाटकोपरला बहिणीची एक खोली आहे, तिथे. आई गॅलरीत झोपते म्हणे. पाय पसरता येत नाहीत.

घरोघरी फिरलो. एकदा दुर्बिणीतून लवूला बघा, एवढंच मागितलं. कोणाचा पितृपक्ष, कोणाचं पोट बिघडलेलं. एक बाई म्हणाल्या, ‘‘लवूला आम्ही रोज बघतोच की.’’ लवू स्वतः म्हणाला, ‘‘माका उलटो बघून माझा गिऱ्हाईक तुटतला.’’

गुरुवार, ४ ऑक्टोबर. सर्वपित्री अमावास्या.

बंगल्याच्या फाटकाशी लोकांनी पानं ठेवलीत. भात, वडे, तीळ. तिच्यासाठी. म्हणजे सुलक्षणाबाईंच्या आईसाठी, जी घाटकोपरला जिवंत आहे.

दिवेलागणीला गच्चीवर गेलो. सवय. खिडकीत अंधार होता. दारावर जयंतीशेठचं कुलूप, चावी त्याच्या कनवटीला.

मग खिडकीत कंदील लागला.

फोकस केला. काच पुसली. दुर्बिणीत ज्योत सरळ होती. वर जळत होती. आता मला दुर्बीण कळते. दुर्बिणीत सरळ, म्हणजे तिथे...

कुंदाला हाक मारली. ती येईपर्यंत खिडकीत पुन्हा अंधार झाला होता.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

सकाळी मिशी काढली. कुंदाने विचारलं, का हो? उकडतं म्हणालो. कालच्याबद्दल कोणालाही सांगणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट मी बोलणार नाही. डोळ्यांचा थकवा असेल. दमट हवा असेल. दहा माणसं हवीत, बस्स.

मुलुंडच्या बंधूंनो आणि भगिनींनो! सुलक्षणाबाईंना घर हवंय. त्यांच्या आईला पाय पसरायचे आहेत. तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. उद्या संध्याकाळी, उजेड आहे तोवर, आमच्या गच्चीवर या, दुर्बिणीला डोळा लावा आणि लवूकडे बघा. फक्त लवूकडे. दुर्बीण बंगल्याकडे वळवू नका.