‘येते’ म्हटल्यावर

घरधन्यांना वाकून नमस्कार. कंबर धरलीय, म्हणून मनातल्या मनातच वाकले.

मी बरी आहे. नातीला दात आले, पहिला चावा मलाच घेतला. लेकीची जर्मन भाषेची परीक्षा मात्र थोडक्या गुणांनी हुकली. ती पास झाल्याशिवाय इथल्या दवाखान्यात तिला नर्स म्हणून कायम करत नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा बसेल. तोवर पोरीला कोण सांभाळणार? तेव्हा माझं येणं लांबलं. रागावू नका, रागावून स्वयंपाक होत नाही.

लेक मोठ्यानं पाठ करते, ते ऐकून चार वाक्यं मलाही आली. परवा शेजारच्या शिंपीण म्हातारीकडे चहा प्याले आणि उठताना ऐटीत जर्मनमध्ये म्हणाले, “मी येते.” ती बिचारी थंडीत दार उघडं धरून उभीच! शेवटी लेक कामावरून आली तेव्हा म्हातारी तिला म्हणाली, “तुझी आई येते म्हणाली, अजून आली नाही.”

लेक हसून हसून दमली. “आई, इथं निघताना ‘आउफ वीडरझेन’ म्हणायचं, म्हणजे पुन्हा भेटू. ‘येते’ म्हटलं की माणसं वाट बघत बसतात.”

“आपल्याकडची काय बघत नाहीत?” मी म्हटलं, आणि तुम्हाला हे पत्र लिहायला बसले.

गुडघ्याला तेल लावता का? गॅस आठवणीनं बंद करता ना? खोटं लिहू नका, शेजारणीला विचारीन.

निघताना तुम्हाला ‘येते’ म्हणाले होते. ते खरं धरा. पण दार लावून घेत जा.

तुमचीच,
अजून न आलेली