फोल्डरात फोल्डर, त्यात जिना

६ मार्च

बाबांचा जिना सापडत नाही! म्हणजे जिन्याचा नकाशा. ड्राफ्ट्समनच्या नोकरीतून निवृत्त झाले तरी घरबसल्या कामं घेतातच. कंत्राटदार खोळंबलाय म्हणे. सकाळपासून माझ्यामागे भुणभुण — "तू प्रोग्रॅमर ना? मग शोध की!" चहा धड पिऊ दिला नाही.

त्यांचा संगणक उघडला. 'जिना' नावाचा फोल्डर. त्यात 'नवीन'. त्यात 'सुधारित'. त्यात पुन्हा 'जिना'. तळ काही लागेना.

७ मार्च

ताई फोनवर — "त्यांचं कपाट तरी कधी धड होतं?" दोघी हसलो.

८ मार्च

ऑफिसातून आल्यावर छोटासा प्रोग्रॅम लिहिला. सगळे फोल्डर पालथे घालायचे आणि सर्वांत ताजा जिना उचलायचा. मधेच आपटला! पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, फार लांब झाला की बाबांचा संगणक फाइल उघडायलाच नकार देतो.

शिवाय मी पाथ साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची माळ, म्हणून ठेवला होता. तिरक्या रेघेवर तोडा, पुन्हा चिकटवा. रेघ माझ्या मशिनवर एका बाजूला झुकते, बाबांच्या दुसऱ्या. निव्वळ आळस. ऑफिसात एखाद्या नवख्याने असं लिहिलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

९ मार्च

पुन्हा लिहिला. भाषेत पाथसाठी वेगळा प्रकार आहे, तो वापरला. पाथ म्हणजे आता अक्षरांची माळ नाही, सुटे तुकडे — ड्राइव्ह, फोल्डर, त्यातला फोल्डर, शेवटी फाइल. रेघांची कटकट तो प्रकार परस्पर निस्तरतो. लांब पाथचीही सोय केली. चालला!

पण तुकडे बघून चक्रावले. जिना, नवीन, सुधारित, जिना, नवीन, सुधारित, जिना… म्हटलं, नक्की एखादी लिंक वरच्याच फोल्डरकडे बोट दाखवतेय आणि माझा प्रोग्रॅम गोल गोल फिरतोय. जेवण होईपर्यंत ती लिंक शोधली. लिंक नाहीच. सगळे फोल्डर खरे, हाताने केलेले.

बाबांना विचारलं. म्हणाले, "आधीचा दिसला नाही की नवा करतो. त्यात काय!"

१० मार्च

जिने उघडून पाहिले. सगळे सारखेच. पायऱ्या त्याच, वळण तेच, कठडा तोच. रेघ मात्र काय सुरेख आहे या माणसाची! मला जन्मात जमणार नाही.

म्हटलं, कुठला हवाय ते कंत्राटदारालाच विचारते. बाबा भडकले. "माझी अब्रू काढायला निघालीस? नकाशा हरवला म्हणून सांगणार त्याला?" बाबा माझ्यावर कधी ओरडत नाहीत. वाईट वाटलं. विचारलं नाही.

११ मार्च

सर्वांत ताजा जिना कंत्राटदाराला पाठवला. खाली माझा नंबर दिला, शंका आल्या तर बाबांना नको त्रास. बाबा खूश. "पोरगी कामाची निघाली!"

प्रोग्रॅम ठेवून देते. पुन्हा लागेलच.

१२ मार्च

कंत्राटदाराचा फोन. आधी जरा घुटमळला. मग — "ताई, हा जिना गेल्या वर्षीच बांधून झालाय. उद्घाटनाला साहेब, तुमचे वडील, स्वतः आले होते, पहिले चढले. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

बाबा समोरच उभे. "काय म्हणतो? मिळाला ना जिना?"

मिळाला म्हटलं.