माया कापलेली नाही

अहो,

रिपोर्ट आणायला मी एकटीच जाते आहे. आत्ता कुठे तुमचा डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. दूध गॅसवर आहे, गरम करून घ्या आणि वरची साय काढून टाका. हे डॉक्टरांनी सांगितलंय, मी नाही. गोळी विसरलात तर माझ्याशी गाठ आहे.

डेपोतून साहेबांचा फोन आला होता. बस चालवायला नाही, पण चौकशीच्या खिडकीवर बसायला उद्यापासून येताय का, असं विचारत होते. मी तुम्हाला न विचारता हो म्हणून टाकलं. रागवायचं तर संध्याकाळी रागवा.

ड्युटीची पँट दोन्ही बाजूंनी आत घेतली आहे. "जास्तीचं कापड कापूनच टाक, मी काय आता पुन्हा अंग धरणार आहे?" असं काल तुम्ही म्हणालात आणि मी मान डोलावली. कापलेलं नाही. इतकी वर्षं गल्लीभराचे कपडे शिवते, कुणाच्या शिवणीतली माया कधी कापली नाही, ती तुमची कापू? टाके मुद्दाम लांब घातलेत. तुम्ही अंग धरलंत की झटक्यात उसवता येतील.

आतलं दुमडलेलं कापड कमरेला टोचेल. टोचू दे. तुम्ही ते कापायला उठणार, हे मला ठाऊक आहे. उगाच घरभर शोधत बसू नका, कात्री मी पर्समध्ये घालून नेली आहे.